क्लिअर म्हण

म्हाताऱ्याला काहीच झालेलं नव्हतं. संडासातून उठताना पाय घसरला आणि तो भिंत आणि भांडं यांच्या फटीत अडकून बसला, एवढंच. रक्त नाही, मोडलेलं हाड नाही. आम्ही त्याला ओढून काढला, पुसला, खुर्चीत बसवला, रक्तदाब मोजला, आणि त्याने लाजत लाजत मागच्या अंगणातल्या झाडाची दोन छोटी संत्री आमच्या हातावर ठेवली. मी गाडीत येऊन बसले. पट्ट्याचं बक्कल उन्हाने इतकं तापलं होतं की बोट पोळलं. माईक उचलला. आता एकच शब्द बोलायचा होता. क्लिअर. म्हणजे हा कॉल संपला, अँब्युलन्स मोकळी आहे, पुढचा द्या. बावीस वर्षांत हा शब्द मी इतक्यांदा बोललेय की तो शब्द उरलेलाच नाही, शिंकेसारखं काहीतरी झालंय त्याचं. येतो आणि जातो. मी तोंड उघडलं आणि तो आला नाही. घसा कोरडा नव्हता, रडू येत नव्हतं, छातीत काही नव्हतं. फक्त शब्दाच्या जागी शब्द नव्हता. समोर रस्त्यावर एक काळा-पांढरा मॅगपाय पक्षी कुणाच्यातरी कचऱ्यातलं चिप्सचं पाकीट ओढत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले. आमच्या गाडीचा नंबर घेऊन कंट्रोल रूमने विचारलं, "चार-सत्तावीस, क्लिअर का?" पुन्हा विचारलं. स्टिअरिंगवर बसलेल्या माझ्या जोडीदाराने, शॉर्टीने, मान वळवली. सहा फूट चार इंच आहे म्हणून त्याला शॉर्टी म्हणतात. डेस्मंड हे नाव फक्त त्याची आई आणि बँक वापरते. "काय गं म्हातारे, जीभ गिळलीस का संत्र्याबरोबर?" तो हसला. मग हसायचा थांबला. माझ्या हातातून त्याने माईक हळूच काढून घेतला, लहान मुलाच्या हातातून सुरी काढतात तसा, आणि म्हणाला, "क्लिअर." लगेच पुढचा कॉल आला. तरणतलावावर छातीत दुखणारा माणूस. आम्ही गेलो. मी सगळं बरोबर केलं. माझे हात कधी चुकले नाहीत. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण नंतर बऱ्याच लोकांना त्यात रस उत्पन्न झाला.

त्या दिवशी शॉर्टी पाळी संपेपर्यंत माझ्या वाटचं क्लिअर म्हणत राहिला आणि मी खिडकीतून बघत राहिले. बंदराबाहेर कोळशाची जहाजं रांगेत उभी होती, रोज असतात तशी. मला वाटलं होतं मी अमुक एका गोष्टीचा विचार करत असेन, पण मी कसलाच विचार करत नव्हते. विचार आला तो घरी, पाणी उकळताना. मी विजेची किटली वापरत नाही. पातेल्यात पाणी उकळते, बुडबुडे मोजत. बहीण म्हणते, काय हा जुनाट हट्ट. हट्ट नाही तो. हिल स्ट्रीटच्या वरच्या अंगाला एक घर आहे, हिरवं दार असलेलं. तिथे स्वयंपाकघराच्या लादीवर एक बाई पडली होती, माझ्याच वयाची, आणि मी तिच्या छातीवर दाब देत होते, आणि ओट्यावर तिने दोन मिनिटांपूर्वी लावलेली किटली उकळत होती. कप बाहेर काढलेला. त्यात चहाची पिशवी, दोरा बाहेर. मी दाबतेय, शॉर्टी तिच्या तोंडावरचा श्वासाचा फुगा दाबतोय, आणि किटली तापत गेली, खदखदली, वाफ माझ्या मानेवर आली आणि टक् करून बंद झाली. झालं, पाणी तयार. ती बाई गेली. आम्ही हात धुतले, ब्लँकेट घातलं, तिच्या नवऱ्याला खुर्ची दिली. गाडीत बसलो आणि मी म्हटलं, क्लिअर. असं म्हटलं म्हणजे काय, हे माझ्या मनात कधी आलंच नाही. कोण क्लिअर? ती लादी? तो नवरा? अजून कपात ती पिशवी असेल का, दोरा बाहेर, असं मला वर्षानुवर्षं वाटत राहिलंय, आणि त्या घरावरून गाडी जाताना शॉर्टी काहीतरी फालतू विनोद करतो, दरवेळी, म्हणजे त्यालाही ते घर आठवतं. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. कशाबद्दलच नाही. कॉल संपल्यावर दहा मिनिटं झाली की कंट्रोल विचारतं, अजून क्लिअर का नाही? दहा मिनिटांत माणूस काय बोलणार? दहा मिनिटांत हातमोजे बदलून होतात.

कंट्रोलचं सगळं बोलणं ध्वनिमुद्रित होतं. दोनदा विचारलं, उत्तर नाही, मग तिसऱ्याच माणसाचा आवाज. कॅमरनने मला बोलावलं. हा आमचा स्टेशन मॅनेजर. चार वर्षं रस्त्यावर, म्हणजे अँब्युलन्सवर होता, मग त्याला टेबल मिळालं आणि त्याची पाठ दुखायची थांबली. त्याच्याशेजारी टॅमसिन बसली होती. खात्याच्या मनःस्वास्थ्य विभागाची बाई, गोड आवाज, गळ्यात लाकडी मण्यांची माळ. वाईट नव्हती ती. वाईट माणसाशी भांडता येतं. "तुम्ही ठीक आहात ना, नरेल?" तिने विचारलं. हा प्रश्न आम्हाला वर्षातून एका ठरलेल्या दिवशी सगळ्यांना विचारतात, आवारात शेगडी मांडून, ब्रेडमध्ये सॉसेज, वर परतलेला कांदा, पिवळ्या फुग्यांच्या कमानीखाली. आणि उत्तरही ठरलेलं असतं. "एकदम ठीक, सॉस दे जरा." कुणी दुसरं उत्तर दिलेलं मी ऐकलं नाही. मी म्हटलं, "नाही." कॅमरन हसला, त्याला वाटलं मी गंमत करतेय. मी हसले नाही. तेव्हा टॅमसिनने खाली बघितलं, आणि मला कळलं की या बाईला प्रश्न शिकवलाय, पण 'नाही' आलं तर पुढे काय करायचं ते शिकवलेलं नाही. तिने मला फोनवर टाकायला एक अ‍ॅप दिलं, त्यात समुद्राचा आवाज येतो. माझं घर समुद्रापासून दोन गल्ल्यांवर आहे. चिवटपणा वाढवायच्या तीन वर्गांना नाव घातलं. मनाचा चिवटपणा, म्हणे. चिवट तर मटण असतं, नीट न शिजवलेलं. तिसऱ्या वर्गात आम्हाला डोळे मिटून आवडत्या जागी जायला सांगितलं. मी डोळे मिटले आणि हिरव्या दाराच्या घरात गेले.

त्यांनी मला रस्त्यावरून काढून हलकं काम दिलं. हे मला सगळ्यात नीट सांगायचंय. खात्याच्या कोठाराच्या मागे एक खोली आहे. तिथे नोकरी सोडून गेलेल्यांचे गणवेश येतात. शर्ट चांगला असेल तर तो धुऊन नव्याला देतात. पण खिशाच्या वर नावाची पट्टी शिवलेली असते. माझं हलकं काम होतं त्या पट्ट्या उसवायचं. एक बारीक कात्री, एक चिमटा, एक खोका. बसा, नाव उसवा, शर्ट घडी करा. पहिल्या दिवशी मला काही वाटलं नाही, हात चालत होते. दुसऱ्या दिवशी मी नावं वाचायला लागले. ओक्ले. हा मला आठवत होता, पुराच्या वेळी छपरावरून दोन माणसं उतरवली होती याने. विन्टर. हिच्याबरोबर मी सुरुवातीला गाडीवर होते, हिने मला शिरेत सुई कशी घालायची ते शिकवलं, रडणाऱ्याशी बोलताना आपण खाली बसायचं हे शिकवलं. मला वाटत होतं ती दुसऱ्या गावी बदलून गेली. खिशांत काय काय निघायचं. पेपरमिंटच्या गोळ्या, ओठांचं मलम, वाळू. एका पँटच्या खिशात लहान मुलाचा एक मोजा. आणि पट्टी उसवली की तिथे सुईच्या भोकांची चौकट राहते, कितीही धुवा. मग मी स्टेशनवर नव्या पोरींच्या छातीकडे बघायला लागले आणि बहुतेकींच्या नावाखाली दुसऱ्या कुणाचीतरी चौकट होती. त्यांना माहीत नव्हतं. एका दुखावलेल्या बाईला बरं करायला ही जागा शोधून काढणारा माणूस एकतर महामूर्ख असला पाहिजे, नाहीतर फार हुशार. मी बराच काळ ठरवत होते कुठला. आता मला वाटतं त्याने विचारच केला नव्हता, आणि हे तिसरं सगळ्यात वाईट.

रस्ता मला परत हवा होता. हे लोकांना पटत नाही. ज्याने मोडलं त्याच्याकडेच परत कशाला? डॉक्टर एलिंगनेही तेच विचारलं. दुखणं कामाने झालं असा दावा मी केला होता, आणि हा विम्याच्या कंपनीने ठरवलेला मनाचा डॉक्टर. त्याच्या खोलीत मोठं हिरवं झाड होतं, खोटं, पानांवर धूळ. मी त्याला सांगितलं, मला दुसरं काही येत नाही आणि हे मला फार चांगलं येतं. मी दारातून आत गेले की घरातली माणसं ओरडायची थांबतात. हे शिकवून येत नाही. त्याने ते लिहिलं नाही. त्याने विचारलं, "वडील दारू प्यायचे?" मी म्हटलं, "खाणीत होते. सगळेच प्यायचे." हे त्याने लिहिलं. "आई कधी गेली?" लिहिलं. "घटस्फोट कशामुळे?" मी म्हटलं, "मी झोपेत नवऱ्याच्या छातीवर दाब द्यायचे. एकदा त्याची बरगडी मोडली." तो म्हणाला, "म्हणजे वैवाहिक तणाव होता." मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही पुस्तक मागून पुढे वाचता का?" त्याने पेनाचं टोपण लावलं. त्या तासाभरात त्याने मला एकदाही विचारलं नाही की बाई, तुम्ही बघितलंत काय. बाप, आई, नवरा, सगळे त्या खोलीत येऊन बसले होते; फक्त ज्यांच्यासाठी मी तिथे गेले होते त्यांच्यातला एकही मेलेला माणूस आत येऊ दिला नाही त्याने.

मग पांढरी गाडी आली, मी रजेवर घरी असताना. माझ्या घरासमोर, जकरंदाच्या झाडाखाली, सकाळपासून एक माणूस आत बसलेला, काचेवर उन्हाचा पडदा. आमच्यातल्या सगळ्यांना हे माहीत असतं. मनाच्या दुखण्याचा दावा केला की विम्यावाले माणूस लावतात, तुम्ही हसताना दिसलात तर टिपून ठेवायला. पाय मोडलेला धावताना सापडला तर खोटा, आणि मन मोडलेला हसताना. पहिले काही दिवस मी पडदे लावून अंधारात बसले. भीती वाटत होती. बाग सुकायला लागली. मग एका सकाळी मला स्वतःचीच इतकी चीड आली की मी पातेल्यात चहा केला, मोठा मग भरला, टोस्टला लोणी आणि वर ते काळं खारट व्हेजीमाइट लावलं आणि पायात चप्पल न घालता रस्ता ओलांडला. डांबर भाजत होतं. काचेवर टकटक केली. कोवळा चेहरा, दाढी नीट न आलेली, मांडीवर कॅमेरा. "दूध घातलंय," मी म्हटलं, "साखर किती घेतोस ते माहीत नव्हतं." तो काच खाली करावी की नाही या विचारात लाल झाला. "बाई, मी मित्राची वाट बघतोय." "चार दिवस? मित्र मेला असेल रे. पोलिसांना कळवूया का? मला अनुभव आहे." त्याने मग घेतला. मी तिथेच उभी राहिले तो पिऊन होईपर्यंत. तो म्हणाला, "सॉरी हं." मी म्हटलं, "तू सॉरी म्हणणारा या सगळ्यातला पहिला माणूस." परत येताना पायाचे तळवे चरचरत होते आणि कितीतरी महिन्यांनी मला माझे पाय आहेत असं वाटलं. त्याच दिवशी, पाणी घालताना, कधीतरी माझ्या लक्षात आलं की त्या सकाळी गाडीत शब्द आला नाही असं मी सगळ्यांना सांगत आले होते आणि ते खोटं होतं. शब्द होता. जिभेवरच होता. मी तो दिला नाही. माझ्यातल्या कुठल्यातरी शहाण्या भागाने माझ्याही आधी ठरवलं होतं की आता बास. मी आजारी होते, हो. पण ती जीभ आजारी नव्हती.

माझ्या दाव्यावरची मीटिंग मुख्य कार्यालयात होती, सकाळी, वातानुकूलित खोलीत. कॅमरन, टॅमसिन, विम्याच्या कंपनीचा करड्या सुटातला एक माणूस. माझ्या बाजूने सोबती म्हणून शॉर्टी. नियम असा की सोबत्याने बसायचं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवायचा, बोलायचं नाही. जिन्यावर मी त्याला सांगितलं होतं, "एक शब्द काढलास तर तंगडी मोडीन. तीन पोरं आहेत तुला."

"दोन तरी नक्की आहेत," तो म्हणाला. "तिसरं पोस्टमनसारखं दिसतं."

"शॉर्ट्या, मी गंमत करत नाहीये."

"मीपण नाही. नाक बघ त्याचं."

आत त्यांनी आधी मला मीच दाखवली. भिंतीवर. मी अंगणात पाइप धरून उभी आणि शेजारच्या कुत्र्याने माझी चप्पल पळवली म्हणून हसतेय, तोंड उघडून, चांगली मोठ्याने. करड्या माणसाने चित्र त्या हसण्यावरच थांबवलं. बराच वेळ माझे दात भिंतीवर होते. मग कॅमरन मऊ आवाजात बोलायला लागला. खात्याला मी हवी आहे. माझ्यासारखी माणसं मिळत नाहीत. तीन महिन्यांत पुन्हा गाडीवर, माझी जुनी गाडी, माझा जुना जोडीदार. डॉक्टर एलिंग तसा दाखला द्यायला तयार आहेत. "ते तुला क्लिअर करतील, नरेल. फक्त एका गोष्टीवर आपलं एकमत हवं. हा त्रास घरचा. आईचं जाणं, घटस्फोट. कामाशी त्याचा संबंध नाही. एवढं एक वाक्य." मी खरं सांगते, मला गाडीचा वास आला. जंतुनाशक, रबर, शॉर्टीच्या त्या भिकार मिंटच्या गोळ्या. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, भुकेल्या माणसासारखं. एक वाक्य तर आहे. आई खरोखरच गेली होती. नवरा खरोखरच गेला होता. पण मग ती हिरव्या दाराची बाई कुठे जाणार? ओक्ले, विन्टर, त्यांचे घरचे त्रास कुठले शोधले होते यांनी? प्रत्येकाला एकेक मेलेली आई वाटून दिली असेल.

"नाही," मी म्हटलं.

"जरा विचार कर."

"केला. कामानेच झालंय. मी काम चांगलं केलं म्हणून झालंय. ते वाक्य तुम्ही लिहा, मग मी उद्या गाडीवर येते. नाहीतर रस्ता ठेवा तुमच्याकडे." आवाज फाटला माझा.   ऐकू देत.

कॅमरनने उसासा टाकला. "ठीक आहे. मग हे लवादापुढे जाईल. आणि तिथे आम्ही एकच प्रश्न विचारू. डेस्मंड तुझ्याच गाडीत होता. अकरा वर्षं. तेच कॉल, तीच घरं. तो ठणठणीत आहे. एक दिवस रजा नाही. आम्ही त्यालाच साक्षीला बोलावू. दोष कामाचा असता तर तोही पडला असता, नाही का?"

हे मला सुचलं नव्हतं. रात्रंदिवस मी त्यांचे सगळे डाव खेळून बघितले होते आणि हा सुचला नव्हता, की माझ्याविरुद्ध ते माझाच माणूस वापरतील. मी शॉर्टीकडे बघितलं नाही. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, नाकातून, कठीण जागी गाडी मागे घेताना घेतो तसा.

"मी गाडीत झोपतो," शॉर्टी म्हणाला.

"डेस्मंड, सोबत्याला बोलता येत नाही इथे."

"माझ्या गाडीत. घरी, गॅरेजमध्ये. ड्रायव्हरच्या सीटवर, पट्टा लावून. पलंगावर पडलं की मला दरदरून घाम सुटतो. बायकोला सांगितलंय मी फार घोरतो म्हणून. चार वर्षं झाली. पोरांना वाटतं सगळ्यांचे बाप गॅरेजमध्ये झोपतात."

"गप्प बस, शॉर्ट्या," मी म्हटलं. मला इतका राग आला त्याचा. पोरांसाठी, कर्जाच्या हप्त्यांसाठी, आणि अकरा वर्षं हातभर अंतरावर बसून त्याने मला हे कळू दिलं नाही म्हणून. मीही त्याला बरगडीचं कधी सांगितलं नव्हतं.

"नीट विचार करून बोल," कॅमरन म्हणाला. त्याचा आवाज आता मऊ नव्हता. "दुपारी दोनला तुझी ड्युटी आहे. हे बोलल्यावर मला तुला गाडीवर पाठवता येणार नाही."

"माहितेय ना. म्हणून तर दोनच्या आधी सांगतोय."

टॅमसिनचा हात तिच्या पिशवीत गेला होता, बहुतेक मदतीच्या फोन-नंबराचं कार्ड काढायला, आणि तिथेच थांबला होता. तिने तो रिकामाच बाहेर काढला. ती शॉर्टीकडे बघत होती आणि तिचा चेहरा पहिल्यांदाच शिकवल्यासारखा दिसत नव्हता. "कधीपासून?" तिने विचारलं. "म्हणजे, काय झालं होतं?" बावीस वर्षांत खात्याच्या तोंडून हा प्रश्न मी ऐकला नव्हता. करडा माणूस घाईने म्हणाला, "तपशिलात शिरायची गरज नाही." कॅमरन उठला, दहा मिनिटं थांबूया म्हणाला, सगळ्यांनी कॉफी घेऊया. शॉर्टी टॅमसिनकडे वळला. एवढा मोठा देह, आणि त्याला सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं.

मी उठले. माझी खुर्ची ओढली, तिचे पाय लादीवर करकरले, आणि शॉर्टीच्या डाव्या हाताला नेऊन लावली, गाडीत बसतो तसे आम्ही दोघं, खांद्याला खांदा, तोंड समोर. आमच्यापुढे काचेऐवजी ती तीन माणसं होती.

"बस, कॅमरन," मी म्हटलं. "कॉफी नंतर. आता आम्ही सांगणार आहोत, एकेक घर, आणि आमचं सांगून होईपर्यंत कुणी उठायचं नाही."